वही कोण तपासणार?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्या विद्यालयाच्या फाटकाशी अनोळखी मोटारसायकली उभ्या राहू लागतात. येणारे तरुण नम्र असतात. गळ्यात ओळखपत्र, हातात गुळगुळीत कागदावर छापलेली माहितीपत्रके. त्यांना गुणवंतांची यादी हवी असते आणि पालकांचे भ्रमणध्वनी क्रमांक. गृहपाल ती देत नाहीत, हा आपल्याकडचा चांगला शिरस्ता आहे. पण निकाल घ्यायला आलेला पालक फाटकाबाहेर पडतोच, आणि तिथून बसथांब्यापर्यंतच्या वाटेत त्याच्या हाती चार संस्थांची पत्रके येतात. प्रत्येकावर हसऱ्या मुलांची छायाचित्रे, प्रत्येक संस्था ‘क्रमांक एक’. शेजारच्या संस्थेचा निकाल किती फसवा आहे, हेही तो तरुण जाता जाता सांगून टाकतो.

केसपुत्ताच्या कालामांची अडचण नेमकी हीच होती. आमच्या गावी आचार्य येतात, आपल्या मताची थोरवी गातात, दुसऱ्याच्या मताची निंदा करतात. यांतले खरे कोणाचे मानावे, असे त्यांनी तथागतांना विचारले. त्यावरचे उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा बोलणारा दिसायला भारदस्त आहे म्हणून काहीही स्वीकारू नका. आचरणात आणल्यावर हित होते की अहित, ते पाहा. बुद्धपौर्णिमेच्या व्याख्यानात हे ऐकताना आपण माना डोलावतो. जून महिन्यात मात्र शेजारच्याच्या मुलाने जिथे प्रवेश घेतला, तिथेच आपल्या मुलाचेही नाव घालून येतो.

अकरावी-बारावीची शिकवणी निवडताना आपण आपली परीक्षक बुद्धी घरी ठेवून जातो, अशी माझी तक्रार आहे. मी याच विद्यालयातून दहावी झालो आणि पुढे पंचवीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. त्यामुळे वर्गाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत, आणि माझे मत या अनुभवातून बनले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला एक विद्यार्थी दहावीला ८६ टक्के मिळवून उत्तीर्ण झाला. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. मुलगा डॉक्टर व्हावा म्हणून वडिलांनी त्या वर्षी मुकादमाकडून नेहमीपेक्षा मोठी उचल घेतली आणि शहरातल्या एका मोठ्या संस्थेत त्याचे नाव घातले. महाविद्यालय आणि शिकवणी एकाच छताखाली, अशी ती ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था. पहिल्या महिन्यात चाचणी झाली आणि गुणांनुसार तुकड्या पडल्या. हा शेवटच्या तुकडीत गेला. ज्यांची नावे सांगून प्रवेश दिला होता ते नामांकित सर पहिल्या तुकडीला शिकवत; याच्या वाट्याला नुकताच पदवी घेऊन आलेला तरुण आला. वर्गात शंभरावर मुले. शंका लिहून टाकण्यासाठी भिंतीला एक पेटी होती. याने दोनदा चिठ्ठी टाकली, उत्तर आले नाही. सहा महिन्यांत त्याने सात वह्या भरल्या, आणि त्यातले एक पानही कोणी पाहिले नाही.

दिवाळीला मुलगा घरी गेला तेव्हा घराला कुलूप होते, कारण आई-वडील कारखान्यावर गेलेले. तो सरळ आपल्या विद्यालयात आला आणि गृहपालांच्या खोलीत जाऊन रडला. उरलेले शुल्क परत मागायला मी त्याच्याबरोबर गेलो. प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले कलम आम्हाला दाखवण्यात आले. खाली वडिलांचा अंगठा होता.

पुढे त्याने तालुक्याच्या साध्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेतला. तिथे एक निवृत्त शिक्षक आपल्या ओसरीवर दहा-अकरा मुलांना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. ते रोज वह्या पाहत. मुलगा डॉक्टर झाला नाही. सीईटी देऊन कृषी महाविद्यालयात गेला आणि आज चांगल्या नोकरीत आहे. ती उचल फिटायला मात्र आई-वडिलांना आणखी दोन हंगाम फडात उभे राहावे लागले.

या एका उदाहरणावरून मोठ्या संस्था वाईट आणि ओसरी चांगली असा निष्कर्ष कोणी काढू नये. लातूरच्या ‘ट्यूशन एरिया’त राहून, तिथल्या चाचण्यांच्या घाण्यातून निघून वैद्यकीय प्रवेश मिळवलेल्या आपल्या मुली मला माहीत आहेत, आणि ओसरीवर नुसती वर्षे घालवलेली मुलेही. फरक दुसरीकडे आहे.

निवासी शाळेतून बाहेर पडणारे मूल काय गमावते, याचा विचार आपण पुरेसा करत नाही. पाच-सहा वर्षे पहाटेची घंटा त्याला उठवते. वंदना, न्याहारी, शाळा, खेळ, मग सायंकाळची अभ्यासिका. अभ्यासिकेत गुरुजी फेऱ्या मारतात, वाकून वहीत पाहतात, चुकलेल्या ओळीवर बोट ठेवतात. हे इतके रोजचे असते की त्याची किंमत मुलाला कळत नाही. अकरावीला ते शहरात खोली घेऊन राहते आणि एका रात्रीत ही घंटा आणि ते बोट दोन्ही नाहीसे होतात. घरी राहून शिकणाऱ्या मुलाला निदान आई विचारते. आपल्या बऱ्याच मुलांना विचारायला जवळ कोणी नसते. म्हणून इतरांसाठी चालणारी शिकवणी आपल्या मुलांसाठी चालेलच असे नाही.

दुसरी अडचण भाषेची. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजी. अकरावी विज्ञान मात्र इंग्रजीत. पहिल्या चार महिन्यांत जी मुले मागे पडतात, त्यांतली बहुतेक बुद्धीने नव्हे, इंग्रजीने मागे पडतात, असे माझे निरीक्षण आहे. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण अभ्यासाची पुस्तके आणि वर्गातले व्याख्यान इंग्रजीत असताना त्या सोयीचा उपयोग थोडाच. अशा वेळी हवा असतो तो इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत उलगडून पुन्हा इंग्रजीत लिहून घेणारा शिक्षक. एसटी महामंडळाच्या बसच्या पाठीवर त्याची जाहिरात कधी दिसत नाही.

‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेबद्दल थोडे कठोरपणे लिहितो. तिच्यात महाविद्यालय पुष्कळदा नावापुरते उरते. २०१८ मध्ये राज्य शासनाला अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची बायोमेट्रिक हजेरी घेण्याचा आदेश काढावा लागला, तो याच प्रकारामुळे. बारावीच्या भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो असता मी वर्नियर कॅलिपर प्रथमच हातात घेणारी मुले पाहिली आहेत. ती उपकरणाकडे पाहत उभी राहत आणि मग माझ्याकडे पाहत. गुण त्यांना मिळतच, कसे ते सर्वांना ठाऊक आहे. पण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला हीच मुले अडखळतात. शिवाय ‘एमएचटी-सीईटी’त अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार आहे, चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, ‘नीट’मध्ये ते कापले जातात आणि ७२० पैकी निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात. या दोन परीक्षांची तयारी वेगळी. आपले मूल कोणत्या परीक्षेला बसणार हे न ठरवता ‘सगळ्याची तयारी करून घेतो’ म्हणणाऱ्याच्या हाती त्याला देणे हे मला समजत नाही. त्याला विज्ञानच घ्यायचे आहे का, हा त्याहूनही आधीचा प्रश्न. तो विचारला जात नाही, कारण ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळाले की आपल्या समाजात तो विचारणे कमीपणाचे वाटते.

तर मग चौकशीला जाताना काय विचारावे? एकूण किती मुले डॉक्टर झाली, हे विचारू नये; त्याचे उत्तर पत्रकावर आहेच. किती मुलांनी प्रवेश घेतला होता, ते विचारावे. छायाचित्रातली मुले दोन वर्षे तिथे शिकली की केवळ शेवटच्या महिन्यातल्या सराव परीक्षांना बसली, ते विचारावे. तुकड्या गुणांनुसार पडतात का, आणि शेवटच्या तुकडीला कोण शिकवते? शक्य असेल तर वर्ग सुटायच्या वेळी बाहेर उभे राहून शेवटच्या तुकडीतल्या मुलाशी बोलावे. कार्यालयातल्या माणसापेक्षा तो खरे सांगतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माझ्या मुलाची वही कोण तपासणार, किती दिवसांनी, आणि तपासणाऱ्याचे नाव काय? सराव परीक्षेचे गुण भ्रमणध्वनीवर पाठवणे म्हणजे तपासणे नव्हे. चूक कुठे झाली हे मुलाला समोर बसवून सांगणारा माणूस त्या इमारतीत आहे का, एवढेच पाहायचे. तो असेल तर इमारत मोठी की लहान याला फारसा अर्थ नाही.

पैशाबाबत पालकांना काही ठाऊक असावे म्हणून नोंदवतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाचे शुल्क, वसतिगृह आणि भोजनाच्या रकमेसह, दहा दिवसांत परत करावे. गुणांची वा क्रमांकाची हमी देऊ नये. शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत. गुणांनुसार मुलांत भेद करणाऱ्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम केले. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला हे जाहिरातीत सांगणे आता आवश्यक आहे. मंत्रालयाची तत्त्वे अमलात आणणे राज्यांवर सोपवलेले आहे, तेव्हा कागद दाखवला की पैसे परत मिळतील असे मी म्हणत नाही. पण सही करण्यापूर्वी कागद दाखवणाऱ्या पालकाशी कार्यालयातला माणूस निराळ्या सुरात बोलतो, हे मी पाहिले आहे. संपूर्ण शुल्क एकदम भरू नये, पावतीशिवाय एक रुपया देऊ नये, आणि सांगितलेल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा की धरून, हे आधीच विचारावे.

शिष्यवृत्तीबद्दलही गैरसमज आहे. शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप महाविद्यालयाच्या शुल्काला लागू होते. त्याच इमारतीतल्या शिकवणीचे शुल्क तिच्यात बसत नाही. ‘इंटिग्रेटेड’मध्ये प्रवेश देताना हे स्पष्ट केले जात नाही. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना अकरावीपासून लागू होते. राहण्या-जेवण्याची सोय त्यातून झाली तर निदान त्यासाठी उचल घ्यावी लागणार नाही. बार्टीच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिराती निघतात त्या वेळी आपले पालक गावी किंवा फडात असतात. ती माहिती त्यांच्यापर्यंत पोचवणे हे माजी विद्यार्थ्यांचे काम आहे, आणि त्यात आपण कमी पडलो आहोत. एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचे ‘साथी’ हे व्यासपीठही विनामूल्य आहे. साहित्याची वाण आता राहिलेली नाही. वाण आहे ती शेजारी बसणाऱ्या माणसाची.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतला एक शिक्षक या संदर्भात मला नेहमी आठवतो. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाची चौकशी करणारे आणि त्याला वाचायला पुस्तके देणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. ते त्याच्या शाळेतले शिक्षक नव्हते, त्यांनी शुल्क घेतले नाही. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे महाविद्यालयीन शिक्षण अडले तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. त्या भेटीचे पुढे काय झाले, ते या विद्यालयात वाढलेल्यांना सांगायला नको.

आपल्यातल्या जवळपास दोनशे माजी विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या पदव्या घेतल्या असतील. त्यांतले दहा जण आठवड्यातून एक संध्याकाळ, आपापल्या शहरात खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या तीन-तीन मुलांच्या वह्या पाहू शकणार नाहीत का? माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत मी हे दोनदा मांडले. पहिल्या वेळी कमानीच्या बांधकामाचा विषय लांबला, दुसऱ्या वेळी गणसंख्या भरली नाही. कमान सुरेख झाली आहे, यात शंका नाही.

गेल्या जूनमध्ये आपली एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन एका संस्थेत चौकशीला गेली होती. मीही बरोबर होतो. सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले, “सर, माझी वही कोण तपासणार?” समोरचा माणूस थांबला, आत विचारून येतो म्हणाला. आम्ही अर्धा तास बसलो. मग वडील उठले, शर्टाच्या आतल्या खिशातली नोटांची पुडी चाचपली, आणि म्हणाले, “चल बाळा, दुसरीकडं इचारू.”