झोपेची मोजणी कोणी करावयाची?

घोरणे हा आपल्याकडे विनोदाचा विषय मानला जातो. कुंभकर्णापासून नाटकातील स्थूलदेही सासऱ्यापर्यंत घोरणाऱ्या माणसाला आपण हसतच आलो आहोत. जो घोरतो त्याला गाढ झोप लागते, अशीही समजूत घरोघरी आहे. वैद्यकशास्त्र मात्र या समजुतीशी सहमत नाही. मोठ्याने घोरणाऱ्यांपैकी काहींचा घसा झोपेत शिथिल होऊन श्वासमार्ग बंद पडतो. श्वास दहा-वीस सेकंद थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. असे एका रात्रीत शेकडो वेळा घडू शकते आणि सकाळी त्या माणसाला त्यातले काहीही आठवत नाही. या विकाराला डॉक्टर 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. आपण त्याला झोपेतील श्वासरोध म्हणू. रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. दिवसा कामावर, वाहन चालविताना किंवा यंत्रापाशी येणारी अनावर डुलकी हा त्याचा सर्वांना दिसणारा परिणाम होय.

१९८१ साली सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. १९९३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात केलेल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी चार टक्के आणि स्त्रियांपैकी दोन टक्के या विकाराने लक्षणांसह ग्रस्त असल्याचे आढळले. हा रोग पाश्चात्त्यांचा, सुखवस्तूंचा आणि लठ्ठांचा आहे, असे आपल्याकडील अनेकांनी तेव्हा गृहीत धरले. या गृहीतकाला आकड्यांनी उत्तर देण्याचे काम मुंबईतील एका छातीरोगतज्ज्ञाने केले. ते हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया होत.

२००४ साली त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी रुग्णालयात आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी झोपेविषयी प्रश्न विचारले आणि त्यांपैकी २५० जणांच्या झोपेची नोंद त्यांच्या घरीच यंत्राद्वारे घेतली. हे लोक रुग्ण म्हणून आलेले नव्हते. ते स्वतःला निरोगी समजत होते. तरीही झोपेत श्वास अडखळण्याचे प्रमाण १९.५ टक्के, आणि दिवसाच्या पेंगुळलेपणासह पूर्ण विकाराचे प्रमाण ७.५ टक्के निघाले. हे सारे मुंबईतले, आणि आरोग्यतपासणी परवडणारे पुरुष होते, तेव्हा हे प्रमाण संपूर्ण देशाला लावणे संख्याशास्त्राच्या नियमात बसणार नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पूर्ण विकाराचे प्रमाण ३.६ टक्के आले. परंतु हा रोग आपला नव्हे, हे म्हणणे त्यानंतर टिकण्याजोगे राहिले नाही. त्याच संस्थेतील संशोधकांनी २०२३ साली उपलब्ध पाहण्या एकत्र करून देशातील अशा प्रौढांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख असावी, असा अंदाज वर्तविला.

डॉ. उदवाडियांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू क्षयरोगाची आहे. झोपेचा विकार तपासून घेणारा मनुष्य बहुधा खातापिता असतो, तर क्षयाचा रुग्ण बहुधा दाट वस्तीतला व अर्धपोटी असतो. वरवर पाहता या दोन विषयांत काहीच साम्य दिसत नाही. तथापि दोन्हींकडे पाहण्याची या डॉक्टरांची रीत एकच आहे. १९९१ साली डॉ. मुकुंद उपलेकर व त्यांच्या सहकाऱ्याने धारावीतील शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाचे औषधपत्र लिहावयास सांगितले होते. तेव्हा ऐंशी निरनिराळ्या औषधयोजना पुढे आल्या होत्या. जवळजवळ वीस वर्षांनी उदवाडियांनी तोच प्रश्न त्याच धारावीत १०६ डॉक्टरांपुढे ठेवला. २०१० साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे होते : ६३ निरनिराळ्या योजना, आणि बरोबर औषधपत्र लिहिणारे फक्त सहा डॉक्टर.

असल्या उपचारांचे फळ काय, ते पुढील वर्षाच्या अखेरीस दिसले. तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले आणि त्याला 'संपूर्ण औषधप्रतिरोधी क्षय' असे नाव दिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०१२ मध्ये या संज्ञेवरच आक्षेप घेतला. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती संज्ञा स्वीकारलेली नव्हती, हे खरे आहे. परंतु संज्ञेच्या वादाने रुग्ण नाहीसे होत नाहीत. मे २०१२ मध्ये क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाला कळविणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक करण्यात आले. त्यापूर्वी देशातील क्षयरुग्णांचा एक मोठा हिस्सा शासनाच्या हिशेबातच नव्हता!

येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक ओळखीचा सिद्धांत दिसतो. जे मोजले जात नाही, त्याची अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. आणि मोजणी ही अशी सार्वजनिक वस्तू आहे की तिचा लाभ सर्वांना होतो, परंतु तिचा खर्च उचलण्यात कोणाही एकट्याला फायदा नसतो. म्हणूनच ती शासनाने करावयाची असते. या दोन्ही विषयांत एका खाजगी रुग्णालयातील डॉक्टरला ती आपल्या कामातून वेळ काढून करावी लागली, ही गोष्ट त्यांच्यासाठी गौरवाची असली तरी आपल्या व्यवस्थेसाठी खचितच भूषणावह नाही.

यावर कोणी म्हणेल, जगातील सुमारे एक-चतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, त्याने घोरण्यावर पैसा का खर्च करावा? आक्षेप वजनदार आहे. परंतु क्षयाप्रमाणेच झोपेच्या विकाराचाही भुर्दंड केवळ रुग्णच भरतो असे नाही. पेंगणारा ट्रकचालक समोरून येणाऱ्याचा जीव धोक्यात घालतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात, आणि जेथे असा परिणाम असतो तेथे प्रश्न बाजारावर सोडून भागत नाही. बाजारात आज झोपेची तपासणी मिळते, ती मोठ्या शहरात आणि हजारो रुपयांत. हवेचा दाब देणारे यंत्रही हजारोंच्या घरात जाते. ज्याच्या झोपेवर इतरांचे प्राण अवलंबून आहेत, त्या रोजंदारीच्या चालकाला यातले काय परवडणार?

पुलगावच्या वाचकांना तर हे दूरचे वाटू नये. गिरणी चालू होती तेव्हा पाळ्यांचे जिणे या गावाने पाहिले आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील रात्रीच्या गाड्या आजही आपल्या स्थानकातून धडधडत जातात, आणि त्यांच्यासाठी कोणीतरी जागे असते. गावालगतच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे जी आग लागली, तिचा झोपेशी संबंध जोडण्याचे कारण नाही; मात्र जेथे अवधानावर सारे अवलंबून असते अशी कामे आपल्या शेजारीच चालतात, याची आठवण तिने सर्वांना दिली. आपल्या जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग आता मुंबईपर्यंत खुला आहे. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात त्याच मार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस जळून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या अपघाताच्या कारणाविषयी मते भिन्न असली, तरी लांब, सरळ रस्त्यावर चालकाला येणाऱ्या डुलकीची चर्चा तेव्हापासून थांबलेली नाही.

पहिल्या टप्प्यातील मोजणीला मोठा खर्चही लागत नाही. इंचपट्टी, वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि आठ साधे प्रश्न एवढ्यावर संशयित रुग्ण निवडण्याची पद्धत २००८ पासून जगभर वापरात आहे. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली उभारलेली वैद्यकीय संस्था आहे, आणि तेथील विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एकेक खेडे दत्तक घेण्याची प्रथा जुनी आहे. त्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत या आठ प्रश्नांची भर घालता येईल. एस. टी.चे चालक, रेल्वेचे कर्मचारी आणि रातपाळीचे पहारेकरी यांच्या वार्षिक तपासणीतही ते विचारता येतील. मात्र 'होय' असे उत्तर देणाऱ्याची नोकरी धोक्यात येणार नाही आणि उपचाराचा खर्च नियोक्ता उचलील, हे आधी लेखी सांगितले पाहिजे. अन्यथा कोणीही खरे उत्तर देणार नाही, आणि तो दोष उत्तर देणाऱ्याचा असणार नाही.

या मोजणीत स्त्रियांना वगळू नये. मुंबईची पाहणी पुरुषांपुरती होती. आपल्या घरांत पुरुषाच्या घोरण्यावर विनोद होतो, स्त्रीचे घोरणे मात्र लाज म्हणून झाकले जाते. दिवसभर थकवा जाणवतो असे ती म्हणाली, तर रक्त कमी असेल असे सांगून लोहाच्या गोळ्या तिच्या हाती दिल्या जातात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु रात्री तिचा श्वास थांबतो काय, हे कोणी विचारलेलेच नसते.

एका डॉक्टरने दोन रोगांच्या बाबतीत दाखवून दिले की प्रथम मोजावे, आणि आकडा अप्रिय निघाला तरी तो लपवू नये. पुढचे काम एकट्यादुकट्याचे नाही. ते जिल्हा परिषदेचे, वैद्यकीय महाविद्यालयांचे आणि नोकरी देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेचे आहे. येत्या वर्षाच्या जिल्हा आराखड्यात या तपासणीसाठी एक ओळ आणि तिच्यापुढे एक रक्कम असावी, एवढी मागणी तरी आपण नागरिकांनी करावयास हवी.