पोटातली पाटी

यंत्र जितके शहाणे, तितके ते अबोल. जुने शिवणयंत्र बिघडले की करकरत असे. पाण्याचा बंब तापला की वाफ सोडीत असे. संगणकाची पेटी मात्र आतून भाजून निघाली तरी बाहेरून सभ्य गृहस्थासारखी स्वस्थ बसते. म्हणून कोणी तिच्या पोटात एक चिमुकला पडदा बसवला, तर त्याला नुसता नखरा म्हणण्याची घाई करू नये.

हा छंद नवा नाही. या शतकाच्या आरंभी हौशी मंडळी पेटीच्या दर्शनी भागात दोन ओळींची, ओळीला सोळा अक्षरे मावणारी पाटी बसवीत. पुढे पेटीची एक बाजू काचेची झाली आणि पाटी आत गेली. आमच्या कन्येने खाऊच्या पैशांतून आणलेली पाटी साडेतीन इंचांची आहे. ४८० बाय ३२० ठिपक्यांची. मदरबोर्डवर यूएसबीसाठी नऊ पिनांची जागा असते. संगणक बंद करून, प्लग काढून, तिथे एक जोडवायर लावायची. पाच व्होल्टची वीज आणि मजकूर दोन्ही त्याच वाटेने येतात. एचडीएमआयची पाटी असती, तर केबल पेटीच्या मागून बाहेर काढून ग्राफिक्स कार्डाला जोडावी लागली असती. शिवाय विंडोज तिला दुसरा मॉनिटर समजते आणि माउसचा बाण भटकत भटकत पेटीत शिरतो!

वाचकहो, मी मराठीचा मास्तर. मला या पिनांशी काय कर्तव्य? पण प्रश्न पैशांचा होता. कन्येचे ॲनिमेशनचे शेवटचे वर्ष, आणि वैशाखातल्या दुपारी तिचा संगणक रडतखडत चाले. नवा घ्यायचा, तर आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली रक्कम मोडावी लागणार. आई म्हणे, "माझे काही अडत नाही. पोरीचे वर्ष वाया घालवू नका."

पाटीवर आकडा उमटला: ९८ अंश. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. हा आकडा मोठ्या पडद्यावरही मागता आला असता. पण तिथे कन्येचे काम पसरलेले, आणि मागायची आठवण कोणाला? पाटी न मागता सांगत होती.

पेटी उघडली. पंख्यापुढच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा जाड थर! त्याच कोपऱ्यात बसून आई रोज वाती वळते. जाळी धुऊन, वाळवून बसवली. तेच काम, तीच दुपार, आणि आकडा ७६. नव्या संगणकाचा विषय तिथेच मिटला.

आईने चष्मा सावरून पाटी नीट पाहिली आणि म्हणाली, "याचे बरे आहे. कोणी विचारायची वाट पाहावी लागत नाही."

त्या वाक्यावर घरात कोणी काही बोलले नाही. कन्येने वातींचा पाट उचलून खिडकीजवळच्या खुर्चीपुढे टेबलावर ठेवला, म्हणजे आजीला खाली बसावे लागू नये. आणि मी डॉक्टरांना फोन लावला. शस्त्रक्रियेची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची ठरली आहे.