कांचनमाला पांडे: अंध जलतरणपटूला भिंत आल्याचं कसं कळतं?

डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत कांचनमाला पांडे यांनी २०० मीटर मिडले प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या मूळच्या अमरावतीच्या, नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या आणि पूर्णतः अंध.

एस-११ गट म्हणजे काय?

अजिबात दिसत नाही किंवा जवळपास दिसतच नाही, अशा खेळाडूंचा हा गट. कुणाला थोडाफार उजेड दिसत असेल, तर त्याचा फायदा होऊ नये म्हणून सगळ्यांनाच काळे गॉगल लावावे लागतात.

मग भिंत कशी कळते?

लेनच्या दोरीला हाताचा ओझरता स्पर्श होतो, त्यावरून दिशा सांभाळता येते. पण समोरची भिंत? वेगात पोहताना डोकं किंवा बोटं आपटू शकतात. म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक 'टॅपर' उभा असतो. खेळाडू जवळ आला की तो मऊ टोकाच्या काठीने त्याला टोकतो. या गटात टॅपर सक्तीचा असतो.

५० मीटरच्या तलावात २०० मीटर मिडले म्हणजे तीन वळणं आणि एक शेवट. प्रत्येक वळणाला पोहण्याचा प्रकारही बदलतो: बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल. काठी क्षणभर उशिरा लागली तर दुखापत, लवकर लागली तर वेळ वाया. हा ताळमेळ एकत्र सराव केल्याशिवाय जमत नाही.

मुद्दा पैशाचा

मेक्सिकोच्या पाच महिने आधी, जुलै २०१७ मध्ये, कांचनमाला बर्लिनच्या स्पर्धेत उतरल्या होत्या. मदतीचे पैसे वेळेत हातात न आल्याने परदेशात त्यांच्यावर उसनवारीची वेळ आली. तरीही त्यांनी रौप्यपदक जिंकलं आणि जागतिक स्पर्धेची पात्रता मिळवली. बातम्या आल्यावर देशभर संताप व्यक्त झाला.

पदकानंतर सत्कार होतात. खर्च मात्र आधीचा असतो: तलाव, प्रशिक्षक, प्रवास. अंध जलतरणपटूसाठी त्यात टॅपरही आला. तिकीट फक्त खेळाडूचं निघालं, तर भिंत आल्याचं सांगणारा हात मागेच राहतो. जालना असो की अमरावती, अंध मुलीला पोहण्यात पुढे आणायचं असेल तर पहिल्या दिवसापासून किमान दोन माणसांचा हिशेब धरावा लागेल.