कुंडींतील लिंबोणी
“अंगण नाहीं, झाड कोठें लावावें?” असें शहरांतील पालक विचारितात. फ्रान्समध्यें व्हर्सायच्या राजवाड्यांत नारिंगाचीं झाडें लांकडी पेट्यांत वाढवून हिवाळ्यांत तीं आंत नेतां यावीं म्हणून १६८६ सालीं मोठें नारिंगगृह पुरें करण्यांत आलें. आपल्या कागदी लिंबास तर येथील हवाच मानवते. तळाशीं भोंक असलेली दीड फूट रुंदीची कुंडी, माती, वाळू, शेणखत आणि रोज पांच-सहा तास ऊन एवढें पुरे.

मात्र कुंडींतील झाड पुष्कळदां अति पाण्यानेंच मरतें. पाणी सांचलें कीं मुळांस हवा मिळत नाहीं व तीं कुजतात. वरची बोटभर माती सुकल्यावांचून पाणी घालूं नये.

कलमास फळ लवकर येतें. बियांच्या झाडास चार-पांच वर्षें किंवा अधिकही लागतात. तरी आमच्या मतें विद्यार्थ्यानें बींच पेरावें. पांचवींत पेरलेलें झाड शाळा सोडण्याच्या सुमारास फळूं लागेल. लिंबू बाजारांत मिळतें. वाट पाहण्याची संवय तेथें विकत मिळत नाहीं. पालकांनीं एवढेंच करावें, कीं पाणी मुलासच घालूं द्यावें, आणि तो विसरला तर आठवण द्यावी. स्वतः घालूं नये.