'निर्जन' म्हणजे नेमकं काय?

गेल्या डिसेंबरात आम्ही कच्छला गेलो होतो. मेहुण्याने पुण्यातूनच बुकिंग केलं होतं. भुजपासून सुमारे ८० किलोमीटरवर, धोरडोच्या अलीकडे एक खासगी रिसॉर्ट. व्हॉट्सॲपवर आलेल्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'निर्जन पांढऱ्या रणात राजेशाही तंबू'. राजेशाही हा शब्द खरा निघाला. तंबूत गालिचा होता, शिसवी दिसणारा पलंग होता, एसी आणि गिझर होता, बाथरूममध्ये चोवीस तास गरम पाणी. 'निर्जन' हा शब्द मात्र खोटा होता. मला त्या एका शब्दाबद्दलच बोलायचंय.

भुजहून निघालं की भिरंडियाराला मावा खायला गाड्या थांबतात. तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जो सपाट मुलूख दिसतो, तो बन्नी. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं कुरण. पर्यटकांना ते ओसाड रान वाटतं, कारण आपल्याला रणाची घाई असते. या ओसाड दिसणाऱ्या भागात पिढ्यानपिढ्या मालधारी राहत आलेत. माल म्हणजे जनावरं आणि ती सांभाळणारे ते मालधारी. जत, मुतवा, हालेपोत्रा, नोडे अशा त्यांच्या जमाती आहेत आणि बहुतेक सगळे मुसलमान. त्यांच्या शेजारी मेघवाळ राहतात, ते हिंदू. भरतकाम दोघांकडचं देखणं.

आमच्या बसमध्ये एक निवृत्त गृहस्थ होते. माणूस गप्पिष्ट, स्वभावाने वाईट नाही. खिडकीतून मशिदीचा मिनार दिसला तसे मला म्हणाले, "बॉर्डरचा एरिया आहे आणि वस्ती सगळी ह्यांची. टुरिझम आलं म्हणून बरं, नाहीतर इथे काय काय चाललं असतं!" माझं मराठी ऐकून त्यांनी मला आपल्यातला धरलं होतं. मी काही बोललो नाही. संध्याकाळी शेकोटीजवळ ओळखपाळख झाली तेव्हा मी नाव सांगितलं. क्षणभर थांबून ते म्हणाले, "अरे, पण तुम्ही वाटत नाही हो!" महाराष्ट्रातल्या मुसलमानाने हे वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकलेलं असतं याची मोजदाद नाही. राग येण्याचंही आता बंद झालंय.

दुसऱ्या दिवशी आमचा ड्रायव्हर आम्हाला त्याच्या चुलत्याकडे घेऊन गेला. घर म्हणजे भूंगा. (आपल्या भुंग्याशी त्याचा काही संबंध नाही, माझी मुलगी यावर बराच वेळ हसत होती.) गोल मातीची भिंत, वर शंकूसारखं छप्पर, आत मातीच्या नक्षीत बसवलेले आरसे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात सिमेंटची घरं कोसळली आणि हे गोल भूंगे मोठ्या संख्येने टिकले. आता रिसॉर्टवाले त्याच आकाराच्या खोल्या बांधतात आणि त्यांना 'प्रीमियम भूंगा' म्हणतात. त्याचा दर तंबूपेक्षा जास्त.

चुलते साठीपुढचे असावेत. त्यांनी ताक पाजलं, मग चहा. मी विचारलं, चाचा, म्हशी कुठे दिसत नाहीत? ते हसले. बन्नीच्या म्हशी रात्री चरतात. संध्याकाळी सोडायच्या, रात्रभर त्या मैलोन् मैल फिरतात आणि पहाटे आपल्या पावलांनी घरी येतात. सोबत गुराखी लागत नाही. उन्हापासून वाचण्यासाठी माणसांनी आणि जनावरांनी मिळून बसवलेली ही रीत आहे. या म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली. म्हणजे ज्या रात्री आम्ही तंबूबाहेर खुर्च्या टाकून 'किती शांत, कुणीच नाही' म्हणत तारे बघत होतो, त्या रात्री आसपास शेकडो म्हशी आपल्या कामावर निघालेल्या होत्या.

"तंबूंच्या दिव्यांचा त्रास होतो का?" मी विचारलं.

"दिव्यांचा नाही, कुंपणाचा," चाचा म्हणाले. "म्हैस जुन्या वाटेने जाते. मध्ये तार आली की तिथेच उभी राहते. तिला काय माहीत बुकिंग म्हणजे काय."

पाण्याचं त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठल्याही जलतज्ज्ञाकडून इतकं सोपं ऐकलं नव्हतं. जमिनीखाली सगळं खारं पाणी. पावसाचं गोडं पाणी हलकं असल्याने त्याच्यावर थर धरून राहतं. आटलेल्या तळ्याच्या पोटात उथळ विहिरी खणायच्या, त्यांना विरडा म्हणतात. गोडं पाणी तेवढं बेताने काढायचं, हावरटपणा केला की खालचं खारं वर येतं. आमच्या रिसॉर्टवर रोज सकाळी टँकर येत होता.

आता या जमिनीच्या कागदांबद्दल. बन्नी १९५५ मध्ये संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. साठच्या दशकात वन खात्याने रण पुढे सरकू नये म्हणून इथे विलायती बाभूळ लावली. स्थानिक लोक तिला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ. ती अशी फोफावली की गवतच खाऊन बसली. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर बन्नीतल्या गावांनी कुरणावर सामूहिक हक्काचे दावे केले. शेतीचे तुकडे करून वैयक्तिक सातबारे मागितले नाहीत, हे लक्षात घ्या. गवत सगळ्यांचं राहू दे, एवढीच मागणी. त्या दाव्यांवर अंतिम मोहोर उठावी म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे खेटे घातलेत. चाचांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून नकाशाची झेरॉक्स काढून दाखवली. घडी घालून घालून ती मधोमध फाटली होती.

दुसरीकडे धोरडोचं कौतुक जगभर झालं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने त्याला सर्वोत्तम पर्यटन गावांत निवडलं, पुढच्या प्रजासत्ताक दिनी गुजरातच्या चित्ररथावर ते झळकलं. मला याचा आनंदच आहे. बन्नीची ओळख 'बॉर्डरवरची वस्ती' एवढीच न राहता भूंगा आणि भरतकाम अशी झाली, हे थोडं नाही. आमचा ड्रायव्हर मोसमात जे कमावतो त्यावर त्याच्या घराचं अर्धं वर्ष निघतं. तंबू उठवा असं तो कधीच म्हणणार नाही. पुण्यात बसून मीही म्हणणार नाही.

पण तंबूचा मालक कोण, हे विचारायला काय हरकत आहे? धोरडोच्या वाटेवरच होडको गाव आहे. तिथे 'शाम-ए-सरहद' नावाचं निवासस्थान गावाची समिती चालवते. भूंगे आहेत, तंबूही आहेत, जेवण गावातलं. पाहुणे किती घ्यायचे, कुंपण कुठे घालायचं, हे गावकरी ठरवतात. आमच्या गटातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं, मलाही नाही. जाहिरात करायला त्यांच्याकडे पुण्यातला एजंट नाही.

हे सगळं ऐकताना मला आमच्या फलटणकडचा माळ आठवत राहिला. लहानपणी सुगी झाली की अब्बा धनगराला निरोप पाठवायचे. तो बिऱ्हाड घेऊन यायचा, पाल ठोकायचा, रात्रभर मेंढ्या शेतात बसायच्या. लेंड्यांचं खत आम्हाला, धान्य आणि थोडे पैसे त्याला. त्याच्या पोरांबरोबर मी त्या पालात झोपलोय. आता तिकडच्या एका माळावर तारेचं कुंपण आहे आणि आत पांढरे तंबू. शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. कुंपणाबाहेर रस्त्याकडेला धनगराने पाल टाकलं तर रखवालदार तासाभरात उठवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कापडाखाली झोपण्याचे आम्ही पैसे मोजतो. ज्याचं आयुष्य कापडाखाली गेलं, त्याला मात्र हाकलतो आणि मग त्या जागेला निर्जन म्हणतो. माणसं आधी नजरेआड करायची, नंतर त्या मोकळ्या जागेचा दर लावायचा, असा हा व्यवहार आहे. बसमधल्या गृहस्थांना मी दिसलो नव्हतो, तसाच काहीसा.

त्या गृहस्थांचा नंबर माझ्याकडे आहे. परतताना त्यांनी स्वतःहून घेतला-दिला. चाचांकडचं ताक त्यांनीही दोन पेले प्यायलं होतं, आणि बायकोसाठी मुतवा भरतकामाची एक पट्टीही घासाघीस न करता घेतली होती. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मुलगी-जावयाला या डिसेंबरात कच्छला पाठवायचंय, कुठे राहावं? मी होडकोचं सांगितलं, समितीचं सांगितलं, म्हशींचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे एसी आहे का?"

म्हटलं, काका, तिथे डिसेंबरात रात्री दात वाजतात. गोधडी मागा.