घड्याळ लावण्याआधी

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र लागलं की वाचनाच्या चाचण्यांची लगबग सुरू होते. मूल उतारा वाचत असतं आणि बाईंच्या हातातल्या मोबाइलवर सेकंद पळत असतात. जुलै २०२१मध्ये निपुण भारत अभियान आलं. तेव्हापासून दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, हे उद्दिष्ट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यातलं ‘अर्थासह’ मात्र नोंदवहीत उतरता उतरता गळून पडतं, कारण आकडा लिहायला सोपा असतो.

वेग हवाच, याबद्दल दुमत नको. अक्षराला अक्षर जुळवत जाणारं मूल ‘घरासमोरच्या’मधल्या ‘च्या’पाशी पोचेस्तोवर सुरुवातीचं ‘घर’ विसरलेलं असतं. लबर्ज आणि सॅम्युअल्स या अमेरिकन संशोधकांनी १९७४मध्ये हेच मांडलं होतं. माणसाचं लक्ष मर्यादित असतं. ते सगळं अक्षरं ओळखण्यात खर्ची पडलं, तर अर्थासाठी काही उरत नाही. प्रश्न आहे तो वेग कुठून येतो हा.

कल्याणच्या दुर्गाडी पुलावरून खाडी ओलांडली की भिवंडी तालुक्यातलं कोन लागतं. मूळ वस्ती आगरी. भिवंडीच्या यंत्रमागांवर आणि आसपासच्या गोदामांत कामाला आलेली परप्रांतीय कुटुंबंही या पट्ट्यात राहतात. अशा गावातल्या दुसरीच्या वर्गात एक वाक्य ठेवून पाहा : ‘आजोबांनी खाडीत जाळं टाकलं आणि टोपलीभर कोळंबी आणली.’ आगरी घरातली मुलगी ‘जालं’, ‘कोलंबी’, ‘आनली’ असं वाचेल. थोडी अडखळेलही. पण जाळं कसं फेकतात, कोळंबी कधी मिळते, हे ती न विचारता सांगेल. शेजारचा मुलगा घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारा. तो तेच वाक्य शुद्ध उच्चारात, झरझर वाचेल आणि ‘कोळंबी कुणी आणली?’ म्हटल्यावर आपल्या तोंडाकडे बघत राहील. घड्याळाच्या हिशेबात मुलगी मागे आणि मुलगा पुढे. तिचे तीन ‘चुकलेले’ शब्द आपण वजाही करून टाकलेले असतात. ही वजाबाकी अन्यायाची आहे. तिने छापलेला शब्द ओळखला आणि तो आपल्या घरच्या बोलीत उच्चारला, ती वाचनातली चूक नव्हे. ‘जाळं’च्या जागी ‘जागा’ वाचलं असतं, तर ती चूक.

आकड्याबद्दल आणखी एक. हिंदीत ‘घर के सामने वाले पेड़ पर’ हे सहा शब्द होतात. तेच मराठीत ‘घरासमोरच्या झाडावर’, म्हणजे मोजून दोन. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, म्हणून मराठीतला एक शब्द डोळ्यांना जास्त काम देतो. दोन्ही भाषांतल्या मुलांना एकच पट्टी लावणं बरोबर नाही. एनसीईआरटीने २०२२च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात प्रत्येक भाषेसाठी वेगळे निकष ठरवले, ते यासाठीच मोलाचे आहेत. भिवंडीसारख्या ठिकाणी मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा शेजारीशेजारी भरतात. केंद्राच्या बैठकीत त्यांचे आकडे एका तक्त्यात मांडून कुणाची पाठ थोपटू नये आणि कुणाला खाली मान घालायला लावू नये.

मग करायचं काय? सॅम्युअल्स यांनीच १९७९मध्ये पुनर्वाचनाची पद्धत मांडली आणि ती आजही टिकून आहे. चाळीस-पन्नास शब्दांचा एकच उतारा घ्यायचा. आधी शिक्षकाने तो जिवंतपणे वाचून दाखवायचा. अनोळखी शब्दांवर बोलून घ्यायचं. त्या मुलाला कोळंबी दाखवायची, निदान तिचं चित्र तरी. मग सगळ्यांनी मिळून, मग जोडीजोडीने आणि शेवटी एकट्याने वाचायचं. ‘आजोबांनी खाडीत / जाळं टाकलं’ अशा पेन्सिलच्या तिरक्या रेघा मारून दिल्या की मूल शब्दाशब्दावर न थांबता अर्थाच्या तुकड्यावर थांबायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या वाचनाला वेग आपसूक वाढतो आणि तो त्या मुलाला स्वतःलाही जाणवतो. ओळीखाली बोट धरत असेल तर धरू द्या. गरज संपली की ते आपोआप सुटतं.

‘झटपट वाचन’ शिकवणाऱ्या वर्गांच्या जाहिराती पालक आता आपल्याला दाखवू लागले आहेत. त्यांना स्पष्ट सांगायला हवं. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये या विषयावरचं सारं संशोधन तपासलं. वाचनाचा वेग दुप्पट-तिप्पट करावा आणि समज तशीच राहावी, असं सहसा होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. मनातल्या मनात उच्चार करणं बंद केलं की समज घटते. वाचक वेगवान होतो तो भाषा जाणल्यामुळे, भरपूर शब्द ओळखीचे असल्यामुळे. शाळेत पेटीबंद पडलेली गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हाती देणं हाच त्यावरचा उपाय, आणि त्याला फी लागत नाही.

या सत्रात नोंदवहीत आकड्याशेजारी दोन रकाने आखा. एक, उताऱ्यात सरळ दिलेल्या उत्तराचा प्रश्न. दुसरा, विचार करून सांगायच्या उत्तराचा. दोन्ही रिकामे असतील तर साठचा आकडा लिहू नका. आगरी, वारली, कातकरी घरांतल्या मुलांच्या ओळखीच्या विषयांवर तुम्ही स्वतः लिहिलेले छोटे उतारे आमच्याकडे पाठवा. निवडक उतारे पुढच्या अंकापासून छापू, म्हणजे ते थेट वर्गात वापरता येतील.