‘चक्कर येते’ एवढे सांगून भागत नाही

वाकोल्याच्या आपल्या वस्तीत ही तक्रार वारंवार कानावर येते. अंथरुणात कुशीवर वळले, मांडणीवरचा डबा काढायला मान वर केली, की घर गरगर फिरते. अर्ध्या-एक मिनिटात थांबते. आमच्या थोरल्या वहिनींना असेच होत होते. जवळच्या एका दवाखान्यात सलाईन लावले. दुसरीकडे ‘मणक्यात गॅप’ सांगून एक्स-रे काढला, गळ्यात पट्टा घातला. 3 महिन्यांत धुण्याभांड्याची दोन कामे सुटली आणि पोटमाळ्याची शिडी चढायची धास्ती बसली ती वेगळीच. इतक्या दिवसांत त्यांना आडवे करून, मान वळवून कुणी पाहिले नव्हते.

दोष डॉक्टरांचा आहेच, पण थोडा आपल्या शब्दाचाही आहे. आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळी. रक्त कमी असले, पोट रिकामे असले, बीपीची गोळी जास्त झाली तर तशी येते. चालताना तोल जातो ते वेगळे. आणि मान वळवताच भिंती फिरतात ते वेगळे. काय केल्यावर येते, किती वेळ टिकते, कोणत्या कुशीवर जास्त येते, हे डॉक्टरांना सांगाच.

आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते सुटून बाजूच्या अर्धगोल नळीत गेले, की मान हलताच आतला द्रव ढवळतो आणि मेंदूला वाटते आपण फिरतो आहोत. हे ओळखायची तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 सालीच सांगितली. मान एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन झोपवायचे आणि बुबुळे थरथरतात का ते पाहायचे. कण परत जागेवर नेण्याची डोके फिरवायची पद्धत अमेरिकेतल्या डॉ. एपली यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केली. दोन्हींना लागते काय, तर एक पलंग! गोळ्यांनी गरगर दबते, कण हलत नाहीत. मानेची झीज तर वय झाले की बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते.

1956 नंतर आपल्या घरांनी अंगारे-धुपारे सोडले. सलाईनच्या बाटलीवरची श्रद्धा मात्र अजून सुटलेली नाही. पैसे देताना ‘निदान काय, कशावरून?’ हे विचारायला आपण का कचरतो?

मात्र बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले किंवा उभेच राहता येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा थांबू नका, तडक मोठे रुग्णालय गाठा.

वहिनींना शेवटी आम्ही पालिकेच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात नेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पलंगावरच मान फिरवून कण बसवले. हा त्रास पुन्हा होऊ शकतो, हेही सांगितले. पावसाळ्यात तो झालाच. या वेळी वहिनी पट्टा घरी ठेवून, एकट्याच रिक्षाने तिथे जाऊन आल्या.